बोलणारे शंभर, बसणारे किती?

चिमूरच्या आसपासच्या एखाद्या गावातली दिवेलागणीची वेळ डोळ्यांपुढे आणा. दिवसभराच्या कामाने थकलेली माणसे ओट्यावर टेकली आहेत. तेवढ्यात गावाच्या व्हॉट्सॲप गटावर एक ओळ येते : ‘नाल्याजवळ वाघ दिसला.’ कोणता नाला, किती वाजता, कोणी पाहिला, यातले काहीच नाही. पण गट खडबडून जागा होतो. कोणी हात जोडल्याची खूण टाकतो. कोणी भलत्याच राज्यातल्या वाघाची चित्रफीत धाडतो. कोणी वनखात्याच्या नावाने बोटे मोडतो, तर कोणी आमदार-खासदारांचा उद्धार करतो. या गलबल्यात एकजण विचारतो, ‘उद्या जागलीले कोन कोन जाते?’ त्याला उत्तर मिळत नाही, कारण मध्येच कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा सुरू झालेल्या असतात. रात्री दहापर्यंत शंभरावर संदेश येऊन पडतात आणि गाव झोपी जाते. पहाटे, अजून तांबडे फुटायचे असते तेव्हा, चार-पाच बाया टोपल्या घेऊन नेहमीच्या वाटेने मोहफुले वेचायला निघतात. रात्रीच्या त्या शंभर संदेशांपैकी एकही त्यांच्या कानी पडलेला नसतो.

हे चित्र एका गावाचे नाही. ताडोबाच्या कुशीतल्या आणि ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीडकडच्या कितीतरी गावांचे आहे. आणि हा प्रश्न करमणुकीचा तर मुळीच नाही. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. अशा वेळी गावाने एकत्र विचार करायचा म्हणजे नेमके काय करायचे, हा जिवाशी निगडित प्रश्न होऊन बसतो.

‘पाचामुखी परमेश्वर’ असे आपण पिढ्यानपिढ्या म्हणत आलो. फोन आल्यापासून पाचांची पाचशे मुखे झाली. मग परमेश्वर अधिकच जवळ यायला हवा होता. तो का येत नाही?

दोष फोनच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे, पण ते खरे नाही. याच महाराष्ट्रात, घरोघरी फोन पोचण्यापूर्वी, २००३ साली मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साह्याने ‘ए-ॲक्वा’ नावाची एक सोय उभी केली होती. शेतकऱ्याने गावातल्या केंद्रावर जाऊन संगणकावर आपला प्रश्न मराठीत घालायचा, जमल्यास रोग पडलेल्या पानाचे छायाचित्र जोडायचे, आणि कृषितज्ज्ञाने त्याला उत्तर द्यायचे, अशी ती रीत. इतरांनाही तो प्रश्न आणि ते उत्तर वाचता येई. यातली गंमत यंत्रात नव्हती. प्रश्न नेमका विचारावा लागे, उत्तराला कोणीतरी जबाबदार असे, आणि झालेली चर्चा पुढच्या माणसासाठी शिल्लक राही. या तीन साध्या गोष्टी. आपल्या गावगटावर आज यातली एकही नसते. प्रश्न मोघम, उत्तर बेवारस आणि कालची चर्चा आजच्या सुप्रभातांखाली गाडली गेलेली.

नुसता वेळ वाया जातो एवढ्यावर भागले असते तरी हरकत नव्हती. पण जमावाच्या हाती विचाराऐवजी वार्ता पडली की काय होते, ते १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याने दाखवून दिले. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवा तेव्हा फोनांतून गावोगाव फिरत होत्या. मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने त्या संशयावरून धरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे धाडता येणार नाही अशी मर्यादा घातली. पण मनाला चटका लावतो तो दुसराच तपशील. गावाने एकत्र बसून विचार करावा म्हणून जी जागा बांधली होती, तिथेच हे घडले. भिंती होत्या, छप्पर होते, माणसेही भरपूर होती. ‘थांबा, आधी विचारू तरी’ असे म्हणणाऱ्याचे ऐकण्याची रीत तेवढी त्या दुपारी तिथे नव्हती.

ही रीत जन्मजात नसते, ती लावून घ्यावी लागते. चिमूरला हे नव्याने सांगण्याची गरज पडू नये. १६ ऑगस्ट १९४२ चा चिमूरचा उठाव देशाच्या इतिहासात नोंदला गेला. त्यामागे तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने जागवलेली माणसे होती, हे इथले म्हातारेकोतारे सांगत आले. पण महाराजांनी खंजिरीइतकीच आणखी एक गोष्ट या भागाला दिली, ती म्हणजे सामुदायिक प्रार्थनेची. सायंकाळी गावाने एका जागी, एका वेळी, लहानमोठा भेद न करता शांत बसायचे. १९५५ साली आलेल्या ग्रामगीतेचा सारा रोखही गावाने आपले प्रश्न आपण हाती घ्यावेत यावरच आहे. आधी बसायला शिका, मग बोलायला, असाच जणू तो पाठ होता. आज बोलणे तेवढे उरले आणि बसणे सुटले.

बसण्याची ही रीत एखाद्या गावाने खरोखर नेटाने चालवली तर काय होते, हे पाहायला फार दूर जायला नको. वैनगंगा ओलांडली, गडचिरोली मागे टाकून धानोऱ्याच्या वाटेला लागले की मेंढा हे शंभरेक घरांचे गोंड गाव लागते. शेजारच्या लेखा गावाच्या नावाशी जोडून ते ‘मेंढा-लेखा’ म्हणून ओळखले जाते. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावाची. ऐंशीच्या दशकात इचमपल्ली-भोपालपट्टनम धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झाले, त्यातून या भागात जी जाग आली तिची धग मेंढ्यापर्यंत पोचली. गावचे देवाजी तोफा आणि चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे या गोष्टीत नेहमी घेतली जातात, आणि ती घ्यायलाच हवीत. पण या दोघांनाही श्रेय एकट्याचे करणे रुचले नसते, कारण मेंढ्याची खरी कमाई ही एक पद्धत आहे.

ती पद्धत अशी. गावाने दोन जागा वेगळ्या केल्या. एक अभ्यासगटाची, दुसरी ग्रामसभेची. अभ्यासगटात कोणीही यावे, बाहेरच्या जाणकारांनाही बोलवावे, प्रश्न उलटासुलटा करून पाहावा, कायदा वाचावा, हिशेब मांडावा, वाद घालावा. मात्र तिथे निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, म्हणजे सगळ्या गावाच्या बैठकीत, आणि तोही सर्वसहमतीने. बहुमताने नव्हे. बाहेरच्या पाहुण्याने कितीही शहाणपणाचे सांगितले तरी निर्णयात त्याचा वाटा नाही. त्याने माहिती द्यावी, निवड गाव करील.

वरवर पाहता ही किरकोळ व्यवस्था वाटते. पण जरा विचार करून पाहा. आपल्या बहुतेक बैठका बिघडतात त्या याच दोन कामांची सरमिसळ झाल्याने. माणूस शंका विचारतो, ती विरोध समजली जाते. कोणी अर्धवट सुचलेले काही बोलतो, तो त्याचा पक्ष ठरतो आणि मग इभ्रतीपोटी त्याला तो शेवटपर्यंत लढवावा लागतो. आज काही ठरायचेच नाही हे आधी ठाऊक असले की जिभेवरचे ओझे उतरते. ‘मला हे कळले नाही’ असे चारचौघांत म्हणता येते. आणि प्रश्न सोडवण्याची सुरुवात बहुधा याच वाक्याने होते.

याचे एक सुरेख उदाहरण मधाचे. जंगलातले आग्यामोहोळ काढायचे म्हणजे खाली जाळ करायचा, माश्या मारायच्या किंवा पळवायच्या आणि अख्खे पोळे ओरबाडायचे, ही जुनी रीत. मेंढ्यात यावर अभ्यासगट बसला. माश्यांची राहणी समजून घेतली गेली, जाणकारांशी बोलणे झाले. पोळ्याच्या ज्या भागात मध असतो तेवढाच काढून घ्यायचा आणि अंडी-पिल्लांचा भाग तसाच ठेवायचा, ही अहिंसक रीत गावाने आपलीशी केली. पोळे टिकते, माश्या राहतात, पुन्हा मध मिळतो. यात कोणाचा पराभव झाला नाही. जुनी रीत वापरणारा माणूसच नव्या रीतीचा कारागीर झाला.

बांबूची गोष्ट याहून मोठी आहे. पिढ्यानपिढ्या ज्या जंगलात गाव राहिले, त्यातला बांबू कागद कारखान्याला जाई आणि गावकऱ्याला घर शाकारायला नेतानाही चोरटेपणा वाटे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले. गावाने हा कायदा अभ्यासगटात बसून समजून घेतला, दावा तयार केला आणि २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा आहे. तरीही बांबू विकायला वाहतूक परवाना लागे, आणि तो मिळेना. गाव अडून राहिले, पण हातघाईवर आले नाही. कायद्याचे कलम बोटावर आणि गावाची एकी पाठीशी, एवढ्या बळावर त्याने आपले म्हणणे लावून धरले. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हवाली झाले. ‘गाव करी ते राव न करी’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. त्या दिवशी राव गावाकडे चालत आला होता.

इथे वाचकांच्या मनात काही शंका येतील, आणि त्या रास्त आहेत. मेंढा शंभर घरांचे, एका समाजाचे गाव. चिमूर नगरपरिषदेचे गाव, नाना जातींचे, पक्षांचे, पोटापाण्याच्या नाना वाटांचे. तिथे सर्वसहमती कशी व्हायची? शिवाय सर्वसहमती म्हणजे एकाच्या हट्टापुढे सगळ्यांनी ताटकळायचे काय? आणि तिसरी शंका सर्वांत खरी : पाटलाने मान हलवली की इतरांच्या माना हलतात. ज्याला आपण सहमती म्हणतो ते पुष्कळदा नुसते मौन असते, आणि ते मौन बहुधा बायांचे असते.

यातल्या कोणत्याच शंकेला सोपे उत्तर नाही. पण चंद्रपूर जिल्ह्याने या बाबतीत जे पाहिले ते आठवण्यासारखे आहे. डिसेंबर २०१० मध्ये दारूबंदीच्या मागणीसाठी हजारो स्त्रिया चिमूरहून नागपूरच्या विधानभवनाकडे पायी निघाल्या. ज्यांचे मौन गृहीत धरले जाते, त्यांनीच रस्ता धरला. १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. २०२१ मध्ये ती उठवण्यात आली. बंदी असावी की नसावी यावर जिल्ह्यात दोन मते होती आणि आहेत, त्यात येथे शिरायचे नाही. पण एक गोष्ट दोन्ही बाजूंना पटावी. निर्णय मुंबईत लागला आणि मुंबईतच फिरला. मधल्या सहा वर्षांत, ज्या गावांत त्याचे भलेबुरे परिणाम झाले, त्या गावांनी दोन्ही बाजूंचे लोक समोरासमोर बसवून ‘आपल्या गावात काय घडते आहे’ हे किती वेळा तपासले? निर्णय वरून आला की तो वरूनच जातो. खाली बसून, नाराज माणसालाही बरोबर घेऊन झालेला निर्णय सावकाश होतो, पण मुळे धरतो. सर्वसहमतीला लागणारा वेळ हा असा कामी येतो. विरोध करणाऱ्याला अडथळा न मानता, ‘याला असे काय दिसते आहे जे आपल्याला दिसत नाही’ असे विचारायला ती भाग पाडते.

आता उरला फोन. एका गावात, एका झाडाखाली बसणे जमणारच नाही अशा माणसांनी काय करावे? याचे उत्तर एका अगदी वेगळ्या जगातून मिळते. २००९ च्या जानेवारीत केंब्रिज विद्यापीठातले गणिती टिमोथी गॉवर्स यांनी एक अवघड प्रमेय इंटरनेटवर सर्वांसमोर मांडले आणि जगभरच्या गणितज्ञांना हाक घातली : या, मिळून सोडवू. ३७ दिवसांत २७ जणांनी मिळून आठशेच्या आसपास टिपणे लिहिली आणि मुख्य गाठ सुटली. यात टेरेन्स टाओंसारखे नामांकित होते, तसेच नाव नसलेलेही होते. पुढे जो शोधनिबंध निघाला तो कोणा एकाच्या नावे नव्हता. ‘पॉलिमॅथ’ या सामाईक टोपणनावाने तो प्रसिद्ध झाला.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे गॉवर्स यांनी प्रश्न टाकण्याच्या आधी वागण्याचे नियम टाकले होते. एका वेळी थोडे लिहा. अर्धवट सुचलेलेही सांगा, चुकले तर लाजू नका. सभ्यतेने बोला. घरी जाऊन एकट्याने सगळे सोडवून आणू नका, वाटेत जे दिसेल ते सर्वांपुढे ठेवा. केंब्रिजच्या गणितज्ञाने मेंढ्याचे नाव ऐकले असण्याचा संभव नाही, मेंढ्याच्या माणसाला त्या प्रमेयाशी कर्तव्य नाही. तरी दोघेही एकाच जागी येऊन पोचले. कळत नाही म्हणायला मोकळीक, बोलण्याला शिस्त, झालेल्याची नोंद आणि श्रेय सगळ्यांचे. पारावर हे असेल तर पार चालतो, पडद्यावर असेल तर पडदाही चालतो. नसेल तर दोन्हीकडे नुसता कालवा.

मग चिमूरकडच्या त्या गावाने वाघाच्या प्रश्नावर काय करावे? शहाणपण शिकवण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकाला नाही. जागलीला जाणारा आणि मोह वेचणारी, हेच यातले जाणकार. तरी दोन-चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. वाघाच्या वार्तेसाठी एक निराळा गट असावा. त्यात ठिकाण, वेळ आणि पाहणाऱ्याचे नाव याखेरीज काही टाकू नये. शुभेच्छांना दुसरी जागा पुष्कळ आहे. आलेली वार्ता पडताळून पाहण्याची जबाबदारी दोन-तीन माणसांवर नेमून द्यावी, आणि ती एका वहीत लिहून ठेवावी. वर्षभराची ती वही उघडली की वाघ कोणत्या महिन्यात कोणत्या नाल्याने, कोणत्या धुऱ्याने येतो हे गावाला स्वतःच्याच अक्षरात वाचता येईल. त्या वहीवर महिन्यातून एकदा अभ्यासगट बसावा. वनरक्षकाला बोलवावे, शेजारच्या गावालाही बोलवावे. वाटा कोणत्या टाळायच्या, किती जणांनी मिळून निघायचे, कोणत्या वेळेआधी रानात पाऊल टाकायचे नाही, याचा ऊहापोह व्हावा. पण ठरवायचे ते ग्रामसभेत. वनहक्क कायद्याच्या पाचव्या कलमाने वन्यजीव आणि जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिलेला आहे. हा अधिकार फोनच्या गटाला नाही, हेही ध्यानात ठेवावे.

आणि शेवटची गोष्ट, जी खरे तर पहिली असायला हवी. वाघाशी गाठ ज्यांची पडते, त्या बहुधा गटात नसतात. पहाटे टोपली घेऊन निघालेल्या बाईच्या हाती फोन नसतो. असला तरी तो नवऱ्याच्या किंवा पोराच्या खिशात असतो. म्हणून ग्रामसभा तिच्या सवडीच्या वेळी भरायला हवी. तिला शेवटच्या रांगेत बसवून, सगळे ठरल्यावर ‘काकू, तुमचं काय म्हणणं?’ असे विचारून भागणार नाही. पहिला प्रश्न तिलाच विचारायला हवा. कारण वाट तिच्या पायाखालची आहे, आणि पायाखालची वाट पडद्यावर दिसत नसते.

मोहाचा हंगाम दरवर्षी येतो, त्यामागोमाग तेंदूचा. मधल्या महिन्यांत चावडीवर किंवा पारावर सतरंजी अंथरून बसायला गावाला पुरेशी फुरसत असते. निरोप हवा तर फोनवरून धाडावा. त्या कामाला त्याच्यासारखा दुसरा दवंडीवाला नाही. पण दवंडी ऐकून माणसे घरातच बसून राहिली, तर सभा व्हायची कशी?